भिंतीपासून एक वीत

लाकूड हाताला कळण्याआधी नाकाला कळते. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या नव्या फळीला राळेचा तिखट-गोड वास असतो. साखूच्या, म्हणजे आपल्याकडच्या सालवृक्षाच्या खांबाला तापलेल्या मातीचा. देवदारावर रंधा फिरला की सबंध अंगण नुकत्याच उघडलेल्या जुन्या पेटीसारखे दरवळते. वाळवीने आतून खाल्लेल्या लाकडाला मात्र कसलाही वास उरत नाही. वीस-बावीस वर्षे लखनऊमध्ये लोकांच्या घरांमागे लाकडी शेड बांधण्यात घालवल्यावर मी एवढे निश्चित सांगू शकते, की या धंद्यात घाबरायचे ते त्या वास नसण्याला.

मी शिकले ते निराळेच. वेंगुर्ल्यात वाढले, मराठी कवितेत एम. ए. केले, आणि यजमानांची बँकेतली बदली लखनऊला झाली तेव्हा माझ्या पदवीसाठी उघडेल असा एकही दरवाजा या शहरात मला सापडला नाही. मग संध्याकाळी भरणाऱ्या एका वर्गात नकाशे काढायला शिकले. वृत्तासाठी मात्रा मोजण्याची सवय होती. इंच आणि सूत मोजणे फारसे परके वाटले नाही. पहिली शेड आमच्याच मागल्या अंगणात बांधून घेतली. ती शेजारणीने पाहिली, मग तिच्या नणंदेने पाहिली, आणि वर्ष-दोन वर्षांत मी ‘शेडवाली मैडम’ झाले. माझ्या कार्डावर याहून पुष्कळ भारदस्त काहीतरी छापलेले होते. ते कोणी वाचले असेल असे वाटत नाही.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. घराच्या मागच्या भिंतीला टेकवून, एकाच बाजूला उतार देऊन बांधलेली लाकडी खोली, एवढेच हे प्रकरण असते. कोकणात आम्ही तिला पडवी म्हटले असते. लखनऊचे मिस्त्री सायबान म्हणतात. गोमती नगरातले गिऱ्हाईक नुसतेच ‘स्टोर’ म्हणते. कुदळ, फावडे, हिवाळ्यातला कूलर, पत्र्याच्या ट्रंका, मुलांची लहान झालेली सायकल, असे टाकवत नाही आणि घरात ठेववत नाही ते सगळे तिच्यात जाते. तिला स्वतःच्या तीनच भिंती असतात. चौथी घराची, उसनी घेतलेली. त्या भिंतीवर एक जाड आडवी फळी बोल्टांनी बसवायची, छपराचे वासे तिच्यावर टेकवायचे, आणि पुढे खांबांवर उतार आणून सोडायचा. नवशिक्याला वाटते, कौशल्य छपरात आहे. छप्पर कोणीही घालते. त्या उसन्या भिंतीची प्रकृती ओळखणे हे खरे काम.

ती ओळखायला मला हशमत मिस्त्रींनी शिकवले. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कामावर येताना इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून सायकलवरून येत, आल्यावर जुना सदरा चढवत आणि जाताना केसांतला भुसा झटकून पुन्हा पांढरे होऊन निघत. नवीन जागी गेल्यावर ते प्रथम भिंतीपाशी जात. बोटांच्या पेरांनी ती ठोकत, कान लावत, नखाने गिलाव्याचा कण काढून हुंगत. मी त्यांच्याकडून ही सवय उचलली. आजही कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी माझा हात आधी भिंतीकडे जातो.

त्यांची आणखी एक रीत होती. काम संपले की ते पुढच्या खांबावर तळवा टेकवून घरमालकाला म्हणत, ‘पहली बरसात मेरे ज़िम्मे।’ आणि खरोखरच पाऊस ओसरला की न बोलावता येत, बॅटरी घेऊन शेडमध्ये वाकून शिरत आणि कोपरान् कोपरा तपासून जात. कागदावरची हमी आम्ही कधीच दिली नाही. लकडमंडीत कोणी विचारले, ‘किसका काम है?’ आणि उत्तर ‘हशमत मियाँ का’ असे आले, की पुढचा प्रश्न निघत नसे. त्यांनी आयुष्यभरात जमवलेले असे ते नाव होते. ते माझ्यामुळे गेले. हा लेख मी त्यासाठी लिहीत आहे, पण त्याआधी ते नाव कसे होते हेही सांगायला हवे.

छावणीत एका मेजरसाहेबांच्या पत्नीला शेड हवी होती. सरकारी बंगल्याच्या भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती आणि दोन वर्षांनी बदली ठरलेली. ‘मिस्त्रीजी, ऐसा बनाइए कि ट्रक में चढ़ जाए,’ त्या म्हणाल्या. हशमत मिस्त्रींनी लोखंडाचा एक तुकडा न वापरता सगळे लाकडी खुंट्यांवर जुळवले आणि प्रत्येक जोडावर पटाशीने खुणा कोरल्या. पुढे त्यांची बदली झाली आणि कुठल्याशा दूरच्या ठाण्यावरून घाबराघुबरा फोन आला: शेड उभी राहिली आहे, पण एक वासा उरला आहे, तो कुठे लागतो? मी फोन मिस्त्रींच्या हातात दिला. ‘बीबीजी, वो कहीं नहीं लगता,’ ते शांतपणे म्हणाले. ‘सफ़र में एक तो टूटता ही है, इसलिए ज़्यादा रखा था। आपका नहीं टूटा, मुबारक हो।’

अमीनाबादच्या एका कापडवाल्याला आठ दिवसांत शेड हवी होती. सणाचा माल यायचा होता. चिडाच्या फळ्या आल्या त्या ओलसर, हाताला गार लागणाऱ्या. मिस्त्रींनी त्या अंगणात सावलीला उभ्या करून ठेवल्या आणि म्हणाले, ‘अभी इन्हें इस घर की हवा खाने दीजिए।’ चौथ्या दिवशी फळ्या तशाच उभ्या पाहून कापडवाले भडकले.

‘मैडम, स्टोर बनवा रहे हैं हम, ताजमहल नहीं!’

‘ताजमहल पत्थर का है, हुज़ूर,’ मिस्त्री म्हणाले. ‘पत्थर को सूखना नहीं पड़ता।’

कापडवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मिस्त्रींना दटावीन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणाले, ‘मिस्त्रीजी जो कहेंगे, वही होगा।’ हे वाक्य मी कितीतरी अंगणांत उच्चारले असेन. ते उच्चारायला तेव्हा काहीच लागत नसे.

त्या वाक्यामागे आमचा एक न लिहिलेला नियम होता. जागेवर जे ठरेल ते तिघांच्या देखत ठरेल: गिऱ्हाईक, मिस्त्री आणि मी. एका कागदावर तीन डोकी वाकत, कोणी हिंदीत बोले, कोणी उर्दूमिश्रित, मी माझ्या कोकणी हेलाच्या हिंदीत. पण ज्याच्या हातात करवत आहे त्याला प्रत्येक शब्द कळलेला असे. परुळेकर सरांच्या अंगणात हा नियम मोडला.

परुळेकर सर वनस्पतिशास्त्रज्ञ. मूळचे मालवणकडचे, पण सारी नोकरी लखनऊच्या एका संशोधन संस्थेत झालेली. गोमतीच्या काठचे गवत हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर, पत्नीच्या मागे, ते अमीनाबादच्या पलीकडे एका जुन्या घरात एकटे राहत. शहरातल्या मराठी मंडळींत त्यांना फार मान होता. गणपतीच्या आरतीचे ताट पहिले त्यांच्या हाती दिले जाई. माझ्या कामाची शिफारस त्यांनी चार घरी केली होती. त्यांच्याकडे आयुष्यभर जमवलेले गवताचे नमुने होते. दाबून वाळवलेले, वर्तमानपत्रांच्या घड्यांत जपलेले, प्रत्येकाबरोबर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. एका महाविद्यालयाने ते दिवाळीनंतर स्वीकारायचे कबूल केले होते. तोवरचा एक पावसाळा ते गठ्ठे कोरड्या जागी राहायला हवे होते, आणि घराच्या दोन धड खोल्यांत आता पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून शेड.

आम्ही गेलो ती फेब्रुवारीतली सकाळ होती. ऊन अजून कोवळे, अंगणात मोहरीच्या तेलाचा वास. मिस्त्री नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीपाशी गेले. जुन्या, पातळ विटांची भिंत, वर चुन्याचा गिलावा. त्यांनी ठोकले, हुंगले, आणि खालच्या बाजूला बराच वेळ बसून राहिले.

‘बहनजी, ज़रा इधर आइए,’ त्यांनी हाक मारली. ‘ये दीवार भीतर से सीली हुई है। दीमक का पुराना घर है। इससे सटाइए मत। एक बालिश्त छोड़ दीजिए, पीछे भी अपने खंभे देंगे।’

भिंत आतून ओल धरून होती. बालिश्त म्हणजे वीत. वाळवी भिंतीतून थेट लाकडात शिरली तर शेवटपर्यंत दिसत नाही. मध्ये वीतभर मोकळी फट असेल तर तिला मातीची नळी बांधत उघड्यावर यावे लागते, आणि ती डोळ्यांना दिसते. हात घालून मोडता येते. वाळवी कोणाला थांबवता येत नाही. ती दिसेल एवढी सोय करता येते. हे मला ठाऊक होते. मी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना ते समजावले होते.

त्या हिशेबाने मिस्त्रींनी चुन्याची चिमूट घेऊन पुढच्या खांबांच्या खुणा केल्या. वीतभर मागे सोडल्याने खुणा वीतभर पुढे सरकल्या. दूर पायरीवर बसून नुसते पाहणारे सर ताडकन उठले.

‘अहो, नाही नाही, तिथे नको. तिथे माझी सुरंगी आहे.’

ते मराठीत बोलले, आणि मीही मराठीतच बोलले.

‘सुरंगी? सर, लखनऊमध्ये?’

‘चौथा हिवाळा काढलाय तिनं. जानेवारीत रोज संध्याकाळी गोणपाट गुंडाळतो, सकाळी सोडतो. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, माझे पाय असे कधी झाकले होते का तुम्ही?’

‘फूल आलं?’

‘छे! अजून दहा-पंधरा वर्षं घेईल. मी कशाला असतोय तेव्हा.’ ते हसले. ‘तुम्ही वेंगुर्ल्याच्या ना? मग तुम्हाला वास सांगायला नको.’

सांगायला नकोच होते. गुडघाभर उंचीचे, जाड काळपट-हिरव्या पानांचे ते रोपटे पाहताना मला बाजाराच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बायका दिसल्या, त्यांच्या हातांतले फिकट पिवळे वळेसर, सुरंगीचे गजरे, दिसले. ती फुले सुकली तरी वास सोडत नाहीत. आईच्या लुगड्यांच्या घडीत वर्षापूर्वीची सुरंगी सापडायची आणि चुरडली की तितकीच ओली वाटायची. मी हे सरांना सांगितले. सरांनी त्यांच्या घरच्या परसातले झाड सांगितले, पहाटे त्यावर चढणारा गडी सांगितला, त्याच्या अंगाला दिवसभर येणारा तो बायकी सुवास आणि त्यावरून होणारी थट्टा सांगितली. विहिरीचे पाणी निघाले, रतांबे निघाले. मधूनच आमच्यापैकी कोणी रोपट्याकडे हात करी, कोणी भिंतीकडे, कोणी खुणेकडे. पाव तास गेला असेल, अधिकही असेल. कोणाशी इतके भरभरून मराठी बोलून मला किती दिवस झाले होते! घरी यजमान कमी बोलत, मुलगी हिंदीत उत्तर देई. माझ्या तोंडात माझी भाषा त्या सकाळी पिकल्या फळासारखी फुटत होती.

मिस्त्री चुन्याची चिमूट हातात धरून उभे होते.

‘मग टेकवूनच करू या,’ मी शेवटी म्हणाले. ‘भिंतीला औषध मारून घेऊ.’

‘चालेल की,’ सर म्हणाले. ‘एका पावसाचा तर प्रश्न.’

मी मिस्त्रींकडे वळले. ‘दीवार से सटाकर ही करेंगे, मिस्त्रीजी।’

‘सोच लिया आपने?’

‘हाँ, बात हो गई।’

‘जी,’ ते म्हणाले. ‘हो तो गई।’

त्यांनी पायाने चुन्याच्या खुणा पुसल्या. परमुलखात वर्षानुवर्षे काढलेल्यांना अशी भूल पडते. आपल्या भाषेत झालेले बोलणे म्हणजेच सगळे बोलणे, असे वाटू लागते. मला त्या दिवशी तसे वाटले. मी निर्णय घेतला आणि ज्याला भिंत कळली होती त्याला तो फक्त कळवला.

शेड सुंदर झाली. भिंतीला औषध मारून घेतले, साखूचे खांब दगडांवर उभे केले, त्यांना जळके इंजिन ऑइल पाजले, चिडाच्या फळ्या पुरत्या वाळू दिल्या, छपराचा उतार असा नेमका की पाण्याने क्षणभरही रेंगाळू नये. काम संपले तेव्हा मिस्त्रींनी पांढरा कुर्ता चढवला, सरांना आदाब केला आणि मला म्हणाले, ‘चलूँ, बहनजी।’ त्यांनी खांबावर तळवा टेकवला नाही. पहिल्या पावसाविषयी ते काही बोलले नाहीत. मला ते दिसले होते. ऊन चढले आहे, घाई असेल, असे मी मनाची समजूत घातली.

पावसाळाभर छपरातून थेंब गळला नाही. सर फोन करून कौतुक करत. गणपती झाले, पाऊस उतरला, आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. ‘जरा येता का,’ एवढेच म्हणाले. मी मिस्त्रींना निरोप धाडला आणि निघाले.

सर शेडच्या दारात जमिनीवर बसले होते. मांडीवर एक गठ्ठा. वरचे वर्तमानपत्र शाबूत होते, कडा सरळ होत्या, सुतळीची गाठ त्यांनीच मारलेली. मी तो उचलला आणि हात हलक्याने वर आला. आत माती होती. ओलसर, बारीक, कागदाच्याच घडीच्या आकाराची माती, आणि मधे कुठे चिठ्ठीचा एखादा तुकडा, त्यावर अर्धे नाव. मागच्या फळ्यांवरचे सगळे गठ्ठे तसेच. मी नकळत एक ढेकूळ नाकाशी नेले. कसलाही वास नव्हता.

तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी सायकल भिंतीला लावली, बॅटरी घेऊन आत गेले आणि मागच्या आडव्या फळीचे टोक बोल्टातून सोडवून ओढले. फळीच्या पाठीवर मातीच्या नळ्यांचे जाळे होते आणि ते सरळ गिलाव्यातून आले होते. पुढचे खांब त्यांनी ठोकून दाखवले. ते खणखणीत वाजले. सगळे तिथे, उजेडात, स्पष्ट दिसत होते.

‘साहब, देखिए, ये दीवार से आई है,’ ते म्हणू लागले.

सर उभे राहिले. त्यांचे हिंदी रागात नेहमी अडखळे. ‘तुम लोगों ने दीमक वाली लकड़ी लगाया! सब जानता हूँ मैं, तुम लोग कैसा काम करता है! पूरी ज़िंदगी थी मेरी इसमें!’

त्या ‘तुम लोग’मध्ये काय काय होते ते मला ऐकू आले. मिस्त्रींनाही आले असणार.

‘साहब, लकड़ी मेरी साफ़ थी,’ ते आवाज न चढवता म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘बहनजी, आप ही बताइए। आपसे तो मैंने कहा था।’

एका वाक्याचे काम होते. ‘सर, मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’ मी ते वाक्य मनात जुळवलेही. पण समोर मातीने माखलेले हात घेऊन उभा असलेला म्हातारा माणूस होता, आणि हे सारे त्याला सहानुभूतीपोटी ऐकवले नाही असे मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरे नाही. ज्या मराठी घरांत माझे नाव आदराने घेतले जाई त्या घरांत माझी चूक पोचू नये, असे मला वाटले. त्या क्षणी मला एवढेच वाटले.

मी सरांना मराठीत म्हणाले, ‘सर, तुम्ही आधी बसा बघू. पाणी आणू का?’

मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी काय म्हणाले ते कोणी हिंदीत सांगेल अशी त्यांनी थोडी वाट पाहिली. मग बॅटरी विझवली, सायकल घेतली आणि फाटकाबाहेर जाऊन तिच्यावर बसले. अंगणात ते कधीच सायकलवर बसत नसत.

त्यानंतर ते माझ्या कामावर आले नाहीत. दोनदा निरोप पाठवला. ‘तबीयत ठीक नहीं’ असे उत्तर आले. सरांच्या शेजाऱ्याचे लकडमंडीत दुकान होते. हशमत मियाँ वाळवीचे लाकूड लावतात, ही गोष्ट तिथे पोचायला किती वेळ लागणार? पहिल्यांदा लोकांनी हसून विचारले, मग विचारायचेही सोडले. पुढे कळले, की ते एका कारखान्यात प्लायवुडच्या पलंगांना सनमायका चिकटवतात. गोंदाच्या वासात दिवसभर. मी दुसरे मिस्त्री धरले, काही वर्षे काम केले आणि बंद केले. त्या वर्षांतल्या कुठल्याच शेडचा मला अभिमान वाटत नाही.

सुरंगीही राहिली नाही. त्या हिवाळ्यात सरांना गोणपाट गुंडाळायचे भान नव्हते. एका कडाक्याच्या पहाटेने ती काळी पडली. पुढच्या वर्षी ते पुण्याला मुलाकडे गेले. तिथे मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले, काहीही न लपवता. उत्तर आले नाही.

ते पत्र मी लिहीत होते तेव्हा माझी मुलगी शेजारी बसली होती. ती मराठी सगळे समजते, बोलते हिंदी.

‘आई, आप परुळेकर सर को लिख रही हो। मिस्त्री अंकल को क्यों नहीं?’

‘त्यांना कुठे मराठी वाचता येतं?’

‘हिंदी तो आती है न आपको?’ ती म्हणाली आणि आपल्या फोनकडे वळली.

तरीही मला जायला आणखी काही वर्षे लागली. त्या दिवसानंतर सहा वर्षांनी, यंदा थंडी उतरत असताना, मी विचारत विचारत त्यांच्या गल्लीत पोचले. ते दारापाशी तख्तावर, फळ्यांच्या बैठकीवर, उन्हाला बसले होते. नजर मंदावली होती. जाड चष्मा आला होता. मला ओळखायला क्षण लागला, मग घाईने उठले.

‘बहनजी! आइए, आइए। ग़रीबख़ाने पर कैसे तशरीफ़ लाईं?’ आणि आत वळून, ‘बेटा, चाय बनाओ, अच्छी वाली!’

मी बसलेही नाही. तयार करून आणलेले सगळे एका दमात बोलले. भिंत तुम्ही ओळखली होती. टेकवू नका असे तुम्ही मला सांगितले होते. चूक माझी होती आणि मी गप्प राहिले.

‘जी,’ ते म्हणाले. ‘मुझे तो मालूम है।’

‘मैं लकड़मंडी चलूँगी आपके साथ। सबके सामने कहूँगी।’

‘किससे कहेंगी?’ ते हसले. ‘आधी दुकानें तो मोबाइल की हो गईं। बैठिए आप।’

मी बसले. ते चष्म्याची काच कुर्त्याला पुसत राहिले.

‘एक बात पूछूँ? बुरा मत मानिएगा। साहब जब बिगड़े थे, आपने अपनी ज़बान में उनसे कुछ कहा था। मैं रुका रहा, कि अब आप मेरी सफ़ाई दे रही हैं।’

‘मैंने पूछा था, पानी लाऊँ क्या।’

त्यांनी सावकाश मान हलवली. ‘और वो पहले रोज़? चूना हाथ में लिए खड़ा था मैं। बड़ी देर बात हुई थी आप लोगों की। कभी दीवार की तरफ़ हाथ, कभी मेरे निशान की तरफ़। मैं इतने बरस यही समझता रहा कि साहब कह रहे होंगे, इस आदमी की बात का भरोसा न कीजिए। और आप मान गई होंगी।’

‘आपकी कोई बात नहीं हुई थी, मिस्त्रीजी।’

‘कोई भी नहीं?’

‘नहीं। वहाँ एक पौधा था, हमारे गाँव के फूल का। उसी की बातें कर रहे थे हम। आपका खंभा उसकी जड़ पर आ रहा था।’

सून चहा घेऊन आली आणि पेले आमच्यामध्ये ठेवून गेली. त्यांनी रागवावे असे मला फार वाटत होते. ते रागावले नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवून ते तख्ताच्या फळीकडे पाहू लागले. मग बोटाने तिच्यावर एक रेघ ओढली: भिंत. वीत पसरून अंतर घेतले आणि दुसरी रेघ ओढली. पुढच्या खांबांची तिसरी रेघ त्यांनी, सुरंगी जिथे आली असती, त्याच्या अलीकडेच ठेवली.

‘पौधा बचाना था?’ त्यांनी विचारले. आवाज कामाच्या वेळचा होता, जागेवर माप घेतानाचा.

‘हाँ।’

‘तो कह देतीं, बहनजी। सायबान एक बालिश्त छोटा कर देता।’